मिशीवाले आजोबा दिल्लीत राहिले

आमच्या आळीत गोष्ट सांगायची एक रीत होती आणि ती मोडली की बायका अंगावर धावून यायच्या. गोष्टीतला माणूस घराबाहेर पडला, राजा शिकारीला गेला, वाणी परमुलखाला गेला, कुणीही कुठंही गेला, की गोष्ट थांबवण्याआधी त्याला परत उंबऱ्याशी आणून उभा करायचा. ऐकणारी पोरं झोपून गेली तरी आणायचा. चुलीवर कालवण उतू चाललं तरी आणायचा. "बंदराला लाव त्याला आदी, मंग ऊठ," आय म्हणायची. कारण सरळ होतं. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी पाण्यावर असायचं, आणि गोष्टीतला माणूस वाटेत टाकला तर आपल्या माणसाची वाट अडते, असा समज होता. मी मॅट्रिक झालेली, शहाणी, मला ह्याचं हसू यायचं. हसू यायचं खरं, पण गोष्ट अर्धी टाकायची छाती मलाही नव्हती.

आमचं घर शिरगावच्या किल्ल्याच्या अलीकडे, पुळणीला लागून. पुढं अंगण नव्हतंच, बांबूंच्या वलांडी होत्या, त्यांवर बोंबील तोंडात तोंड अडकवून वाळत टाकलेले. पाहुणे आले की नाकाला पदर लावायचे. मला मात्र अजून, इथं बोईसरला मुलाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकमध्ये, कारखान्यांचा आंबूस वास खिडकीतून आत आला की त्या वासाची आठवण येते आणि जीव कासावीस होतो. खाली रस्त्यावर सगळं हिंदी. सकाळी भाजीवाला, दुपारी पाळी सुटलेली पोरं, सगळे "अरे भैया, अरे भैया". सून म्हणते, आई, तुम्ही खिडकीत बसून काय ऐकता? काय सांगू तिला? मी समुद्र ऐकायचा प्रयत्न करते, आणि तो इथं येत नाही.

बाबा तांडेल होते. बोट दुसऱ्याची, पण तिच्यावर हुकूम बाबांचा. अंगानं आडवा माणूस, बोलायला लागला की आळी गोळा करायचा. बर्फ भरून बोट बाहेर पडली की चार-सहा दिवस घर मुकं व्हायचं आणि ती परत लागली की एकदम जत्रा. भरतीच्या वेळी आय बंदरावर जायची ती काखेत बाबांचे कोरडे कपडे घेऊन. हीसुद्धा आमच्याकडची रीत. पाण्यातून आलेल्या माणसानं ओल्या कपड्यानं घरात पाऊल टाकायचं नाही. बाबा बोटीच्या आडोशाला कपडे बदलायचे, ओले कपडे आयच्या टोपलीत टाकायचे आणि मग घरी येऊन ताज्या करंदीचं कालवण आणि तांदळाची भाकरी अशी हाणायचे की बघत राहावं. आय समोर बसून वाढायची. तिच्या हातात कोपरापर्यंत हिरव्या काचेच्या बांगड्या असत, आणि भाकरी थापताना त्यांचा जो आवाज व्हायचा, त्यावरून मला पडल्या पडल्या कळायचं की आज आय खुशीत आहे की रागात.

पालघरच्या एका संस्थेनं आमच्या आळीत बालवाडी काढली आणि आळीतली मॅट्रिक झालेली एकटीच मुलगी म्हणून मला तिथं बसवलं. जागा म्हणजे देवळामागची जाळी ठेवायची खोली. भिंतीला डांबराचा वास, कोपऱ्यात फाटकी जाळी, आणि मध्ये नाक गळणारी पोरं. त्या वर्षी संस्थेनं ठरवलं की लहानग्यांना थोरामोठ्यांची चरित्रं सांगायची. माझ्या वाट्याला आले आपले पहिले राष्ट्रपती. एक पातळसं पुस्तक आलं आणि एक रंगीत चित्र. पांढरी टोपी, भरघोस मिशा, डोळे मात्र दमलेल्या माणसाचे. पोरांच्या तोंडात ते लांबलचक नाव बसेना. शेजारच्या हिराकाकीचा नातू अन्या म्हणाला, "बाय, आपण त्यांना मिशीवाले आजोबा म्हनू." झालं. त्या दिवसापासून भारताचे पहिले राष्ट्रपती आमच्याकडे मिशीवाले आजोबा झाले.

आता अडचण अशी की ह्या आजोबांचं सगळं आयुष्य प्रवासात गेलेलं. बिहारमधल्या खेड्यात जन्म, शिकायला कलकत्त्याला, वकिली, ती सोडून शेतकऱ्यांसाठी गावोगाव, मग तुरुंग, मग भूकंप झाला तिथं मदतीला, मग दिल्ली, राष्ट्रपती झाल्यावर विमानानं जपानला. आणि माझ्या पोरांपैकी निम्म्यांनी पालघरचं स्टेशनही पाहिलेलं नव्हतं. त्यांना आगगाडी कशी सांगू? मी घरी बसून डोक्याला हात लावला, तेव्हा बाबा जाळं सांधत होते. ते म्हणाले, "आगगाडी नाय कळत ना? मंग होडीतून ने की म्हाताऱ्याला. पोरांना होडी कळते." आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पांगाऱ्याच्या लाकडाची वीतभर होडी कोरून हातात ठेवली. काय देखणी होती! पुढची नाळ उचललेली, डोलकाठीला भोक, बाजूला लाल पट्टा. मी चित्रातले आजोबा कापले, पुठ्ठ्याला चिकटवले आणि त्या होडीत उभे केले.

खोलीत कोरडी रेती पसरली. तोच आमचा देश. दाराच्या उंबऱ्याला लागून एक करवंटी पालथी घातली, ते आजोबांचं गाव. कलकत्ता दुसरी करवंटी. दिल्लीला मान म्हणून आयचा जुना टोप. होडी रेतीतून सरकवत मी गोष्ट सांगायची, आणि पोरं अशी ऐकायची की नाक पुसायलाही विसरायची. भूकंप म्हणजे काय, असं एकीनं विचारलं. म्हटलं, जमीन हलते. "म्हंजे बोटीसारकी? मंग त्यात काय भ्यायचं?" तुरुंगात आजोबांनी काय केलं? "जाळी विनली असतील," अन्या. आजोबा कलकत्त्याला गेले तर बर्फ कुठून भरला? ह्याचं उत्तर पुस्तकात नव्हतं. आणि रोज, न चुकता, सुट्टीच्या वेळी सगळी पोरं होडीभोवती कोंडाळं करायची. आजोबांना घरी आणल्याशिवाय एकही हलायचं नाही. मग मी होडी उलटी फिरवून, कलकत्त्याहून असो की तुरुंगातून, उंबऱ्याच्या करवंटीशी आणून लावायची. "लागली!" म्हणून पोरं ओरडायची आणि पळायची. दुसऱ्या दिवशी आजोबा पुन्हा निघायचे. त्या बिचाऱ्या माणसाला मी जेवढे हेलपाटे घातले तेवढे त्याला देशानंही घातले नसतील.

बाबांना ह्या खेळाची भारी मजा वाटायची. "काय गो, तुजा म्हातारा आज कुटं?" हे ते दारातूनच विचारत. दिल्लीला भरती कधी लागते, असं विचारून मला चिडवत. दिवाळी झाल्यावर, कार्तिकात, ते बोट घेऊन निघाले त्या सकाळी मी बंदरापर्यंत गेले होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून त्यांनी विचारलं, "कुटवर गेला?" मी म्हटलं, "उद्या राष्ट्रपती होणार." ते हसले. म्हणाले, "मोटा झाला म्हंजे. सांबाळून आन त्याला." मग ते वर चढले आणि इंजिनाच्या धुरात मला त्यांचं तोंड नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पालघरहून तपासणीच्या बाई आल्या. वाईट नव्हत्या हो. घाम पुसत, वाळूतून चपला हातात घेऊन आल्या, पोरांना गोळ्या वाटल्या. मी पाठ घेतला. होडी दिल्लीच्या टोपाशी लागली, मी म्हटलं, "आणि आजोबा आपल्या देशाचे पहिले राष्ट्रपती झाले." बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि म्हणाल्या, "शाब्बास. इथंच थांबायचं. सगळ्यात उंच जागी गोष्ट संपली पाहिजे, मुलांच्या मनावर तेच ठसतं." लगेच त्यांनी पोरांना उभं करून जनगणमन म्हणायला लावलं. ते संपलं तोवर होडी, आजोबांसकट, त्यांच्या पिशवीत गेली होती. तालुक्याला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन होतं, त्यात मांडायला. मी "बाई, जरा..." म्हणाले. पण काय सांगणार होते? की आजोबांना आधी घरी आणू द्या, नाहीतर आमच्या आळीत चालत नाही? त्या मला हसल्या असत्या. आणि मीही त्यांच्यासारखीच शिकलेली होते ना! अन्या मात्र दारात आडवा झाला. "आजोबा ऱ्हायले! आजोबा दिल्लीत ऱ्हायले!" असा भोकाड पसरून रडायला लागला. बाईंना वाटलं, पोराला होडी हवी आहे. त्यांनी त्याला आणखी एक गोळी दिली.

त्यानंतर वारा फिरला. आधी दुपारीच समुद्र काळा झाला, मग किल्ल्याकडच्या माडांच्या झावळ्या सगळ्या एका अंगाला ओढल्यासारख्या झाल्या आणि वलांडीवरचे बोंबील आळीभर उडाले. बायका बोंबील गोळा करायच्या सोडून बंदराकडे धावल्या. वारा पडल्यावर बोटी एकेक करून लागायला लागल्या. कुणाची डोलकाठी मोडलेली, कुणाची जाळी गेलेली, पण माणसं होती. प्रत्येक बोट लागली की एका घराच्या बायका रडत हसत पुढं व्हायच्या आणि किनाऱ्यावरची गर्दी तेवढी कमी व्हायची. शेवटी आम्ही उरलो. आय, मी, आणि बाबांच्या खलाशांच्या घरचे. आयच्या काखेत कोरड्या कपड्यांचं गाठोडं होतं, ते तिनं इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

तेव्हाच हिराकाकी बोलली. तिचा मुलगा सुखरूप आला होता, तरी बोलली, किंवा आला होता म्हणूनच बोलली असेल. "तुज्या पोरीनं मानूस दिल्लीत ठेवला. माजा अन्या तवापासून रडतोय. बोटी भायेर असताना कुनी असं करतं काय?" आय माझ्याकडे वळली. "खरं हाय?" मी म्हटलं, "आये, ती गोष्ट हाय. पुस्तकातली." "खरं हाय काय, तेवडं सांग." मी म्हटलं, "हो." तिनं समुद्राकडे तोंड फिरवलं. त्यानंतर आय माझ्याशी बोलली नाही.

न बोलणं म्हणजे काय, हे ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. ती मला जेवायला वाढायची. आजारी पडले तर डोक्यावर पट्टी ठेवायची. पण शब्द नाही. काही सांगायचंच झालं तर कोंबड्यांना सांगायची. "पानी भरायला जायचं हाय म्हनावं." "भाकरी झाकलीय म्हनावं." मी पण तशीच हट्टी. मी कोंबड्यांनाच उत्तर द्यायची. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर पोट धरून हसलं असतं. मला रडू यायचं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त यायचा. नवरा तिचा गेला होता, कबूल. पण बाप कुणाचा गेला होता? माझा! माझ्या बापानं कोरलेल्या होडीनं माझ्या बापाला बुडवलं, असं आळी म्हणत होती, आणि माझी सख्खी आई ते खरं मानत होती. वारा काय बालवाडीला विचारून सुटतो? आज इतक्या वर्षांनी लिहितानाही मला तोच राग येतो.

बोट मिळाली नाही, माणसंही नाहीत. कुणी म्हणे, पार गुजरातच्या किनाऱ्याला लागली असतील. कुणी म्हणे, मोठ्या जहाजानं उचललं असेल. खलाशांच्या बायकांनी हळूहळू मनाशी समजूत घातली आणि एकेकीच्या बांगड्या उतरल्या. आयनं नाही उतरवल्या. चुलत्यांनी येऊन दिवसकार्याचं काढलं तर ती उठून आत गेली. रोज भरतीला ती कोरडे कपडे घेऊन बंदरावर जायची. बोटी लागायच्या, मासे उतरायचे, ती गाठोडं घेऊन परत यायची. ते कपडे न वापरताच मळले, तेव्हा तिनं धुऊन, वाळवून, घडी घालून पुन्हा काखेत घेतले. होळी आली. आमच्याकडे होळीला सगळी आळी नाचते. त्या वर्षी आमच्या दारापुढून ढोल मुका गेला.

होडी परत आली ती मध्येच केव्हातरी. तपासणीच्या बाईंनी माणसाबरोबर पाठवली, वर निरोप, की तुमच्या होडीचं प्रदर्शनात फार कौतुक झालं. आजोबा तसेच उभे, फक्त टोपीचा एक कोपरा दुमडलेला. मला ती होडी खाडीत भिरकावून द्यावीशी वाटली. पण बाबांच्या सुरीच्या खुणा तिच्यावर होत्या. मी ती फडताळात, खडूंच्या मागं, तोंड भिंतीकडे करून ठेवली. पोरांनी विचारलं नाही. पोरांना सगळं कळतं. त्या वर्षी पुढं मी त्यांना फक्त कावळा-चिमणीच्या गोष्टी सांगितल्या, ज्यात कुणी कुठं जात नाही.

मग पावसाळा जवळ आला आणि बोटी वर ओढायचे दिवस आले. माणसं दोर लावून, हैसा म्हणत, एकेक बोट पुळणीवर चढवतात आणि झावळ्यांनी शाकारून टाकतात. ते झालं की समुद्रावर कुणीच नसतं. जायचं नाही, यायचंही नाही. शेवटची बोट वर आली त्या दिवशी मी बालवाडीत पोरांकडून बाराखडी म्हणून घेत होते. दारात सावली पडली. बघते तर आय. काखेत गाठोडं. बंदरावरून आली होती. ती ह्या खोलीत त्याआधी कधीही आलेली नव्हती. उंबरा ओलांडून ती पोरांमध्ये, भिंतीला टेकून, खाली बसली. बाराखडी आपोआप थांबली.

ती अन्याला म्हणाली, "तुज्या बायला सांग, ती होडी काड म्हनावं."

अन्यानं माझ्याकडे बघितलं. मी फडताळ उघडलं. मागची होडी काढताना खडूंचा डबा खाली पडला आणि खडू घरंगळत गेले, पण एकही पोर हललं नाही. रेती अजून कोपऱ्यात होती. मी ती पसरली, टोप मांडला, उंबऱ्याशी करवंटी ठेवली आणि होडी टोपाजवळ, दिल्लीला, जिथं राहिली होती तिथं ठेवली. आय रेतीकडे बघत म्हणाली, "राष्ट्रपती झाला. मंग?"

"मग पुष्कळ वर्षं मोठ्या वाड्यात राहिले," मी पोरांकडे बघून सांगू लागले. "मग म्हणाले, पुरे झालं आता. तो वाडा सोडला आणि पाटण्याला, आपल्या जुन्या आश्रमात राहायला गेले."

"पाटनं घरापासून लांब?"

"लांब नाही. त्यांच्याच मुलखात."

"मंग घरच म्हन की. त्याला बायको व्हती?"

"असेल. पुस्तकात नाय."

"पुस्तकात कशी असंल," आय म्हणाली. "मंग?"

"मग... थोड्या दिवसांनी वारले."

आय पुढं सरकली. दोन्ही गुडघे रेतीत टेकून तिनं होडी हातात धरली आणि टोपापासून ओढायला सुरुवात केली. घाई नाही. रेतीत होडीमागं चर पडत होता. वाटेत एक खडू आडवा आला, तो तिनं बाजूला केला. होडी उंबऱ्याच्या करवंटीला टेकली तेव्हा "लागली" म्हणून कुणी ओरडलं नाही. तिनं काखेतलं गाठोडं सोडलं, बाबांचा शर्ट काढला, झटकला, आणि होडीवर, आजोबांवर, सगळीकडून नीट पांघरला, लहान मुलाला आंघोळीनंतर गुंडाळतात तसा.

"भिजलाय," ती म्हणाली. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं, थेट माझ्याकडे, आणि म्हणाली, "मंजू, घरी चल."

घरी आल्यावर तिनं दार लोटून घेतलं, खोबरेल तेलाची बाटली काढून माझ्यापुढं ठेवली आणि दोन्ही हात माझ्या मांडीवर टाकले. मी म्हटलं, "आये, काकीला बोलवू काय? बायकांना?" कारण हे काम दुसऱ्या विधवा बायकांनी करायचं असतं, बांगड्या दगडावर फोडतात, रडारड होते.

"कुनाला नको. तूच काड. फोडू नको, नवीन हायत. तुला व्हतील."

मी तेल लावून एकेक बांगडी उतरवली. तिनं ना हात आखडला, ना तोंड वाकडं केलं. बांगड्यांच्या जागी मनगटापासून वर कातडी गोरी, कोवळी निघाली, कधी ऊनच न लागलेली. मग तिनं त्या बांगड्या माझ्या हातात भरल्या. मला घट्ट झाल्या, अंगठ्याचं हाड सोलून निघालं, पण तिनं जोर लावून शेवटची चढेपर्यंत सोडलं नाही, आणि मीही हात मागं घेतला नाही.